अमेरिकेत ओळखीच्या कुणाला अटक झाली तर: बेल एजंटला काय करता येतं आणि काय नाही

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या एका कुटुंबासाठी मी बेल बॉन्डवर, म्हणजे जामिनाच्या हमीपत्रावर, सही केली होती आणि केस संपेपर्यंत ती जबाबदारी अंगावर बाळगली. तेव्हापासून मंडळातल्या ओळखीतून असे फोन मला येत राहिले. फोन बहुतेक रात्रीच येतो. पलीकडचा माणूस हादरलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "एजंट म्हणतोय आत्ताच्या आत्ता सही करा. करू का?"

वाचल्याशिवाय करू नका. बेल एजंटची जी काही सत्ता आरोपीवर आणि तुमच्यावर चालते, ती बरीचशी त्या कागदावरच्या सहीतून येते. उरलेली राज्याच्या कायद्यातून येते, आणि तिला मर्यादाही तोच कायदा घालतो. हे दोन्ही कळलं की निम्मी भीती जाते.

१. एजंट म्हणजे कोण, हे आधी नीट समजून घ्या

आपल्याकडे जामीनदार म्हणजे काका, मेहुणा, नाहीतर गावातला वजनदार माणूस. सातबारा किंवा सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट घेऊन तो कोर्टात उभा राहतो. त्याने या कामाचे पैसे घ्यावेत हे आपल्याला पटत नाही. अमेरिकेत मात्र हा रीतसर धंदा आहे. नफ्यावर चालणारी अशी जामीनदारी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. अमेरिकेखेरीज फिलिपिन्सचं नाव घेतलं जातं.

एजंट कोर्टाला लिहून देतो की आरोपी तारखेला हजर राहील, नाही राहिला तर बेलची रक्कम मी भरेन. त्याच्यामागे एक विमा कंपनी उभी असते. म्हणून बहुतेक राज्यांत त्याचं लायसन्स विमा खात्याकडून येतं. तो पोलीस नाही, कोर्टाचा कर्मचारी नाही, आणि तुमचा वकील तर नाहीच. केसचं काय होईल, गुन्हा कबूल करावा का, कोणता वकील धरावा, यावर सल्ला देण्याचा त्याला अधिकार नाही. जेलसमोरच्या ऑफिसात बसून तो हे सगळं आत्मविश्वासाने सांगत असेल, तर तिथून उठा.

२. राज्य कोणतं आहे ते बघा

सगळा घोळ इथे होतो. टेक्सासमधला चुलतभाऊ एक सांगतो, न्यू जर्सीतली मैत्रीण दुसरं, आणि दोघांचंही आपापल्या राज्यापुरतं खरं असतं.

इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत पैसे घेऊन बेल बॉन्ड लिहिण्याचा धंदाच चालत नाही. इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांची बेलच बंद केली. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून पैशांची बेल जवळपास संपली आहे. तिथे जोखीम मोजून न्यायाधीश सोडायचं की ठेवायचं ते ठरवतात. त्यामुळे एडिसनमध्ये कुणाला अटक झाली आणि फोनवर कुणी "दहा टक्के पाठवा, तासाभरात सोडवतो" म्हणालं, तर संशय घ्या. न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून बऱ्याच किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांना पैशांची बेल लागत नाही. कॅलिफोर्नियात ती रद्द करणारा कायदा २०१८ मध्ये झाला होता, पण नोव्हेंबर २०२० च्या मतदानात लोकांनी तो फेटाळला. म्हणून इथे एजंट अजून आहेत.

पुढचे तपशील मुख्यतः कॅलिफोर्नियाचे आहेत, कारण ते मी जवळून पाहिलेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम तिथल्या वकिलाला विचारा.

३. एजंटला फोन करण्याआधीची कामं

आधी माणूस कुठे आहे ते शोधा. काउंटी शेरीफच्या वेबसाइटवर कैद्यांचा शोध घेता येतो. आपल्या नावांची इथे गंमत होते: पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये किंवा पहिल्या नावाला चिकटून असतं, आणि बुकिंग, म्हणजे जेलमधली नोंद, करणारा माणूस आडनावाच्या जागी भलतंच टाकतो. आडनावाने सापडलं नाही तर वडिलांच्या नावाने शोधा, नाव-आडनाव उलटं करून शोधा. सापडलं की हे लिहून घ्या:

- बुकिंग नंबर
- जन्मतारीख, आणि रेकॉर्डमध्ये जसं पडलंय तसंच पूर्ण नाव
- जेल कोणतं, काउंटी कोणती
- आरोपाची कलमं, आणि ती फेलनी (गंभीर गुन्हा) आहेत की मिसडिमीनर (त्याहून किरकोळ)
- बेलची रक्कम
- कोर्टाची पुढची तारीख
- इतर काही होल्ड आहे का, म्हणजे दुसऱ्या खात्याने सोडू नका असं कळवलंय का (याबद्दल नवव्या मुद्द्यात)

माणसाचा जेलमधून फोन आला तर घटनेबद्दल एक अक्षर बोलू नका. ते फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं म्हणजे कुणाला कळणार नाही, हा समज घातक आहे. सरकारी वकील भाषांतरकार आणतो. "तू ठीक आहेस ना, वकील बघतोय, कुणाशी काही बोलू नकोस", एवढं पुरे.

आता एक गोष्ट, जी एजंट आपणहून सांगत नाही. थांबण्याचाही पर्याय असतो. कॅलिफोर्नियात अटकेनंतर ४८ तासांत, रविवार आणि सुट्ट्या वगळून, आरोपीला न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. याला अरेनमेंट म्हणतात. पहिलाच गुन्हा असेल, नोकरी आणि घर इथेच असेल, तर न्यायाधीश अनेकदा पैशांशिवाय, लेखी हमीवर सोडतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हंफ्री प्रकरणात सांगितलं की केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला डांबून ठेवता येणार नाही, त्याची ऐपत पाहावी लागेल. अर्थात शुक्रवारी रात्री उचललं तर मंगळवार उजाडू शकतो, आणि एवढे दिवस आत काढणं सोपं नाही. औषधं चालू असतील, नोकरी जाणार असेल, तर बॉन्ड घ्यावा. पण असा पर्याय आहे हे माहीत असूनच घ्यावा. तासभर वकिलाशी बोलायला मिळालं तर आधी ते करा.

४. पैशांचं गणित

समजा बेल ५०,००० डॉलर आहे. तुमच्यापुढे दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे पूर्ण ५०,००० रोख भरायचे. आरोपी सगळ्या तारखांना हजर राहिला तर केस संपल्यावर ते परत मिळतात, निकाल काहीही लागो. पैसे तुमचे असतील तर पावती तुमच्याच नावाने घ्या. आरोपीच्या नावाने भरलेल्या रकमेतून त्याचा दंड वळता होऊ शकतो.

दुसरी वाट एजंटची. त्याला प्रीमियम द्यायचा, कॅलिफोर्नियात साधारण १० टक्के, म्हणजे ५,००० डॉलर. हे पैसे परत येत नाहीत. आरोप मागे घेतले, केस आठवड्यात निकाली निघाली, माणूस निर्दोष सुटला, तरी नाही. ते डिपॉझिट नसून फी आहे. मला येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त मनस्ताप याच एका गैरसमजाचा असतो.

दर ठरलेला आहे म्हणून घासाघीस नको, असंही नाही. काही विमा कंपन्यांनी खासगी वकील असलेल्यांसाठी किंवा युनियनच्या सभासदांसाठी ८ टक्क्यांचा दर मंजूर करून घेतलेला असतो. विचारा. न्यूयॉर्कमध्ये कायद्यानेच कमाल फी बांधून दिली आहे: पहिल्या ३,००० डॉलरवर १० टक्के, पुढच्या ७,००० वर ८ टक्के, त्यावर ६ टक्के. म्हणजे १०,००० च्या बेलवर ८६० डॉलर. तिथे कुणी हजार मागितले तर का, ते लेखी मागा. न्यूयॉर्कच्याच सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असंही ठरवलं की न्यायाधीशाने बॉन्ड नाकारला आणि माणूस सुटलाच नाही, तर एजंटला प्रीमियम ठेवून घेता येत नाही.

५. कराराचे कागद, एकेक पान

तुम्ही सही करता तेव्हा तुम्ही को-सायनर होता, म्हणजे आरोपी पळाला तर पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करता येते. ५,००० देऊन सुटलो असं वाटतं, पण सही ५०,००० ची असते. माझ्यासमोर टेबलावर जो गठ्ठा आला होता, त्यात अर्ज, नुकसानभरपाईचा करार, हप्त्यांचा करार, प्रॉमिसरी नोट आणि तारणाची पावती, असं सगळं एकाच क्लिपमध्ये होतं आणि सहीच्या जागी पिवळे स्टिकर लावलेले होते, म्हणजे पानं उलटत नुसत्या सह्या करत जायचं. ते स्टिकर बघून सह्या करू नका. गठ्ठा क्लिपमधून काढा आणि पहिल्या पानापासून वाचा. हे शोधा:

- परत जमा करण्याच्या अटी. कोणत्या कारणाने एजंट आरोपीला पुन्हा जेलमध्ये सोपवू शकतो? पत्ता बदलला, हप्ता चुकला, आठवड्याचा फोन राहिला, ही कारणं अनेक करारांत असतात.
- दरवर्षीचा प्रीमियम. केस वर्षाहून जास्त चालली तर पुन्हा प्रीमियम, अशी ओळ काही करारांत असते.
- शोधखर्च. आरोपी हरवला तर शोधण्याचा खर्च तुमच्या माथी. त्याला काही मर्यादा लिहिली आहे का?
- तारण. दागिने, गाडी, घर. घर असेल तर डीड ऑफ ट्रस्ट नोंदवला जातो आणि तो बोजा घरावर चढतो.
- घरात येण्याची परवानगी. कधीही तुमच्या घराची झडती घेऊ देईन, असं कलम दिसलं तर ते खोडायला सांगा, नाहीतर दुसरा एजंट बघा.

हप्त्यांवर बॉन्ड घेताना कॅलिफोर्नियात को-सायनरला एक वेगळी लेखी सूचना मिळायला हवी: कर्जदाराने पैसे दिले नाहीत तर तुम्हाला द्यावे लागतील, असं स्पष्ट सांगणारी. २०२१ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की बेलच्या हप्त्यांनाही हा ग्राहक कायदा लागू आहे आणि सूचना न देता को-सायनरकडून वसुली करता येणार नाही. ती सूचना मागा, आणि प्रत्येक कागदाची प्रत तिथल्या तिथे घ्या. "ईमेल करतो" वर जाऊ नका.

तुमच्याकडून ते सरकारी ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, पत्त्याचा पुरावा, सोशल सिक्युरिटी नंबर आणि तारण असेल तर मालकीची कागदपत्रं मागतील. तुम्हीही त्यांचा लायसन्स नंबर मागा आणि राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवर तिथेच फोनवर तपासा.

६. एजंटला काय करता येतं

त्याच्या अधिकाराचं मूळ जुनं आहे. १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की जामिनावर सुटलेला माणूस जामीनदाराच्या ताब्यात आहे असं मानायचं; जामीनदार त्याला केव्हाही पकडू शकतो, दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, गरज पडली तर त्याच्या घराचं दार फोडूनही आत जाऊ शकतो. मूळ वादाचा मुद्दा वेगळाच होता, पण हा परिच्छेद दीडशे वर्षं उद्धृत होतो आहे. टीव्हीवरच्या बाउंटी हंटरची, म्हणजे पैसे घेऊन फरार आरोपी पकडणाऱ्याची, सगळी ऐट यातून आली. आज मात्र बहुतेक राज्यांनी त्यावर आपले नियम चढवले आहेत.

कॅलिफोर्नियात आज चित्र असं आहे. जबाबदारीतून मोकळा होण्याआधी केव्हाही एजंट आरोपीला स्वतः पकडू शकतो, किंवा लेखी अधिकार देऊन दुसऱ्याकडून पकडवू शकतो. त्यासाठी तारीख चुकलेलीच असली पाहिजे असं नाही. पण सबळ कारण नसताना परत सोपवलं, तर कोर्ट प्रीमियम परत करायला लावू शकतं. हे फार थोड्यांना माहीत असतं. असं झालं तर वकिलाकरवी अर्ज करा.

आरोपी तारखेला आला नाही तर कोर्ट बॉन्ड जप्त झाल्याचं जाहीर करतं आणि वॉरंट काढतं. त्यानंतर एजंटला आरोपीला हजर करायला १८० दिवस मिळतात, सूचना टपालाने आली तर आणखी ५. म्हणून तारीख चुकली तर लपू नका. त्याच दिवशी वकिलाला आणि एजंटला फोन करा. ट्रॅफिकमुळे, आजारपणामुळे चुकलेली तारीख लगेच दुरुस्त होऊ शकते. आठवडाभर फोन बंद ठेवणारा माणूस एजंटच्या लेखी फरार होतो.

७. काय करता येत नाही

कॅलिफोर्नियात फरार आरोपी पकडणाऱ्यावर ही बंधनं आहेत:

- प्रशिक्षण हवं, आणि १ जुलै २०२३ पासून विमा खात्याचं लायसन्सही.
- पकडायला जाण्याआधी सहा तासांच्या आत स्थानिक पोलिसांना कळवलं पाहिजे.
- आपण पोलीस किंवा सरकारी अधिकारी आहोत असं भासवणारा गणवेश, बिल्ला किंवा बोलणं चालत नाही.
- दार फोडून जाणं फक्त ठराविक परिस्थितीत: आरोप फेलनीचा, आरोपी आत असल्याचं सबळ कारण, आणि आधी दार उघडायला सांगून कारण सांगितलेलं.
- पकडल्यावर कोंडून ठेवता येत नाही; ४८ तासांच्या मुदतीत कोर्ट किंवा पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

को-सायनरला अटक करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही राज्यात नाही. तुमच्याकडून पैसे हवे असतील तर त्याने दिवाणी मार्गाने जावं. "पैसे भरले नाहीत तर तुमचा व्हिसा रद्द करतो" हे शब्द ऐकले तर वेळ, नाव आणि वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा आणि विमा खात्याकडे तक्रार करा.

इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. फ्लोरिडात लायसन्सधारी बेल एजंटखेरीज कुणालाही आरोपी पकडता येत नाही, म्हणजे भाडोत्री बाउंटी हंटर तिथे चालत नाही. देशाबाहेर तर हा अधिकार शून्य. १९८१ मध्ये टोरंटोहून एका माणसाला उचलून फ्लोरिडात आणणाऱ्या दोघांना पुढे अमेरिकेने कॅनडाच्या हवाली केलं. २००३ मध्ये मेक्सिकोत फरार आरोपी पकडणारा टीव्हीवरचा प्रसिद्ध बाउंटी हंटर ड्वेन चॅपमन याला तिथल्या पोलिसांनी अटक केली. तेव्हा पुण्यातल्या तुमच्या आईवडिलांच्या दारात अमेरिकन एजंट माणूस पाठवू शकत नाही. आपल्याकडे तर जामीनदारालाही आरोपीला पकडून आणण्याचा अधिकार नसतो. तो कोर्टात अर्ज करून मोकळा होतो.

भारतातल्या नातेवाइकांना एक इशारा मात्र द्याच. "तुमचा मुलगा अमेरिकेत जेलमध्ये आहे, बेलचे पैसे गिफ्ट कार्डने किंवा क्रिप्टोने पाठवा" असे फोन फसवणुकीचे असतात. कोर्ट गिफ्ट कार्डने बेल घेत नाही.

८. दारात कुणी आलं तर

दार न उघडता आतून बोला. नाव, लायसन्स, आणि बॉन्डची प्रमाणित प्रत दाखवायला सांगा, खिडकीतून किंवा दरवाजाच्या कॅमेऱ्यात. आरोपी तुमच्या घरात राहत नसेल तर तसं एकदाच स्पष्ट सांगा आणि आत यायला परवानगी नाही हेही सांगा. खोटं बोलू नका, धक्काबुक्की करू नका. शंका आली तर ९११ ला फोन करून विचारा की या पत्त्यावर असं कुणी येणार असल्याची नोंद आहे का. आरोपी घरातच असेल आणि वॉरंट खरं असेल, तर त्याला शांतपणे बाहेर जाऊ देणंच सगळ्यांच्या हिताचं. घरात लहान मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना आतल्या खोलीत पाठवा. समोरच्याकडे बंदूक असू शकते.

९. एफ-१, एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर

बेल भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. आरोपीवर आयसचा (इमिग्रेशनची अंमलबजावणी करणाऱ्या सरकारी खात्याचा) डिटेनर, म्हणजे त्याला आमच्या ताब्यात द्या अशी विनंती, असेल तर काही राज्यांत असं होतं की तुम्ही बॉन्ड भरता, काउंटी जेल सोडतं, आणि दारातच आयस ताब्यात घेते. प्रीमियम गेला आणि माणूस आतच. टेक्सासमध्ये जेलना डिटेनर पाळावेच लागतात. कॅलिफोर्नियात २०१८ पासूनच्या कायद्याने त्यावर मर्यादा आहेत. आयसच्या ताब्यातून सुटण्यासाठीचा इमिग्रेशन बॉन्ड ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. त्याची किमान रक्कम १,५०० डॉलर असून ती सरळ आयसकडे पूर्ण भरता येते. भरणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर सोपं जातं. फौजदारी बॉन्डच्या कागदावर सही करून हा बॉन्ड झाला असं समजू नका.

अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क आहे. तो वापरावा की नाही हे त्याला ठरवू द्या. आणि गुन्हा कबूल करण्याआधी देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका समजावून सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडीया प्रकरणात ठरवलंय. वकिलाने हा विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

१०. केस संपल्यावर

निकाल लागला की बॉन्ड रद्द होतो, इथे त्याला एक्झॉनरेट होणं म्हणतात. एजंट आपणहून कळवेलच असं नाही. कोर्टाच्या क्लार्ककडून त्या आदेशाची प्रत घ्या, एजंटला ईमेलने पाठवा आणि तारण परत मागा: दागिने पावतीवरच्या वजनाप्रमाणे मोजून, गाडीचं टायटल मूळ स्वरूपात. घरावर डीड ऑफ ट्रस्ट असेल तर रिकन्व्हेयन्सचा, म्हणजे बोजा उतरल्याचा, कागद काउंटी रेकॉर्डरकडे नोंदला गेला की नाही, हे स्वतः तपासा. तो नोंदला नाही तर पुढे घर विकताना किंवा रीफायनान्स करताना बोजा तसाच दिसतो, आणि तोवर त्या एजंटचं ऑफिस बंदही झालेलं असू शकतं.